रोज एक मिलिमीटर

समजा, रेवदंड्याच्या बंदरावर बांगडे साफ करताना कोयता सटकला आणि मनगटातला मज्जातंतू तुटला. आता अंगात जे सुरू होतं त्याचे आकडे ऐकाच!

आधी वेग पाहा. आपल्या अंगातले सर्वांत चपळ तंतू सेकंदाला १२० मीटरनं निरोप नेतात, म्हणजे ताशी ४३२ किलोमीटर. या वेगानं मुंबईहून पुणं एकवीस मिनिटांत! डेक्कन क्वीन तोवर ठाण्यालाही पोचलेली नसते.

कोयता लागला की ही वाहतूक ठप्प. बोटं बधिर. तुटल्या जागेपुढचा तंतू मोडून पडतो, त्याच्यावरचं मायलिनचं वेष्टण फुटतं, वाटेत नुसता राडारोडा. सर्जननं टोकं शिवली तरी हा कचरा उचलल्याशिवाय नवा तंतू नीट पुढे सरकत नाही. उचलणार कोण? ताप-सर्दीत जंतूंशी झुंजणारी तीच फौज, रोगप्रतिकारक पेशींची.

फौज केवढी? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजदादीप्रमाणे एका माणसात सुमारे १.८ लाख कोटी पेशी. दर पेशीला एक रुपया द्या. शिवडी ते न्हावाशेवा अटल सेतूला १७,८०० कोटींच्या आसपास लागले; म्हणजे दहा अटल सेतू उभे राहतील! यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी अस्थिमज्जा रोज दहा हजार कोटी बनवते. सेकंदाला साडेअकरा लाख! २०११ च्या जनगणनेत अख्ख्या रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार. तेवढ्या पेशी सव्वादोन सेकंदांत तयार!

जखमेवर न्यूट्रोफिल काही तासांत हजर होतात. दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज येतात, ते खरे खादाड; काही आठवड्यांत बराचसा कचरा फस्त. मज्जारज्जूत हीच सफाई महिनोन्‌महिने, कधी वर्षंही रखडते. तिथली दुखापत भरून येत नाही, त्यामागचं हे एक कारण.

वाट मोकळी झाली की नवा तंतू निघतो. वेग? दिवसाला साधारण एक मिलिमीटर! या चालीनं मुंबई-पुणे गाठायला चार लाख वर्षं. मनगट ते बोटाचं टोक, १८ सेंटिमीटर, सहा महिने.

हसू नका. तंतूची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. ती रेल्वेरुळांच्या रुंदीएवढी फुगवली, तर ते १८ सेंटिमीटर होतील ३० किलोमीटर, म्हणजे जवळपास पेण ते अलिबाग. रोज १६७ मीटर नवा मार्ग, रविवारची सुट्टी नाही, सहा महिन्यांत काम पुरं! अलिबागकर प्रवासी गाडीची वाट किती वर्षं पाहताहेत, ते इथं नको काढायला. आणि मार्ग एकच नव्हे, मनगटातल्या त्या मज्जातंतूत असे हजारो, सगळे एकाच वेळी टाकले जाताहेत! काही चुकीच्या फलाटावर जाऊन लागतात, हे खरं. मग टोचतं मधल्या बोटाला आणि कळतं तर्जनीला.