गुणतक्ता कसा वाचावा?

बुलढाणा जिल्ह्यात कबड्डी कोणाला ठाऊक नाही? गावच्या बाद स्पर्धेत एकदा हरले की खेळ संपतो. प्रो कबड्डी लीगमध्ये मात्र प्रत्येक सामन्याचे गुण तक्त्यात साठत जातात.

२०२३-२४ चा दहावा हंगाम पाहा. १२ संघ होते आणि प्रत्येकाचे २२ साखळी सामने झाले. त्या वेळी विजयाला ५ गुण होते, बरोबरीला ३. आणि ७ किंवा त्याहून कमी फरकाने हरणाऱ्यालाही १ गुण मिळे. पहिले सहा संघच पुढे जात. त्यांतले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत पोहोचत.

पुणेरी पलटणने १७ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडवले, २ गमावले. आता हिशेब करा : ८५, ९ आणि २ मिळून ९६ ! म्हणजे दोन्ही पराभव थोडक्यात झाले होते. पलटण तक्त्यात पहिली आली. पुढे १ मार्च २०२४ रोजी तिने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून अजिंक्यपद मिळवले.

त्या वेळी सामना हातचा गेला, तरी शेवटच्या चढाईत ८ चा फरक ७ वर आणता येई. सहाव्या जागेसाठी चुरस असली, तर तो एक गुणही संघाला तारत असे. तुमच्या वर्गांच्या सामन्यांचा असाच तक्ता फळ्यावर मांडून पाहा.