डिस्क्रिपन्सी म्हणजे चोरी नव्हे

आज थोडं इंग्रजीबद्दल बोलायचं आहे. घाबरू नका, शाळेतलं इंग्रजी नव्हे. ऑडिटच्या कागदातून आणि बँकेच्या पत्रातून आपल्या घरात शिरतं ते इंग्रजी.

मार्चअखेरीला आमच्याकडच्या एका गटाचं दप्तर तपासलं गेलं. किर्दीप्रमाणे पेटीत जेवढी रक्कम हवी होती, तिच्यापेक्षा ६३० रुपये कमी निघाले. तपासणाऱ्यांनी शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि ते पुढच्या गावाला गेले. त्या ओळीत शब्द होता 'डिस्क्रिपन्सी'. सचिवताईंनी तो कागद घरी नेऊन कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याला दाखवला. त्याने एका दमात अर्थ सांगितला, "घोटाळा." दिवेलागणीपर्यंत तो घोटाळा सगळ्या आळीत फिरून आला.

पेटी असायची आक्कांकडे, गट सुरू झाला तेव्हापासून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली सचिवताईंच्या हातात दिली. "सहाशे तीस मी माझ्या पदरचं भरते, पण मीटिंगला येणार न्हाई," एवढंच बोलल्या.

आम्हाला निरोप आला तेव्हा आम्ही पहिल्यांदा सांगितलं की आक्कांकडून एक रुपया घेऊ नका. पैसे भरले की भांडण मिटतं खरं, पण आळ कायमचा चिकटतो. मग आम्ही डिक्शनरी उघडली. बी.ए. झालो असलो तरी तो शब्द आम्हालाही नीट माहीत नव्हता, हे कबूल करायला हवं.

डिस्क्रिपन्सी म्हणजे तफावत. जुळायला हवेत असे दोन आकडे जुळत नाहीत, बस. कोणामुळे, कशामुळे, मुद्दाम की नकळत, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही. तपासणाऱ्यांनी आक्कांवर आरोप केलाच नव्हता. त्यांनी फक्त विचारलं होतं, हा फरक कुठून आला?

तर तो शोधायला आम्ही बसलो. यात एक जुनी युक्ती आहे, ती तुम्हीही लक्षात ठेवा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो का ते पाहायचं. जात असेल तर कोणीतरी शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले असण्याची दाट शक्यता असते. १८ चे ८१ झाले तर फरक ६३, २५ चे ५२ झाले तर २७. नेहमी नऊच्या पाढ्यातच येतो. ६३० ला नऊने भागलं, ७० आले. मग किर्दीतली प्रत्येक जमा रक्कम आम्ही बायकांच्या वैयक्तिक पासबुकांशी ताडून पाहिली. जानेवारीत एकीने कर्जाचा हप्ता म्हणून ३,१८० रुपये भरले होते. तिच्या पासबुकात ३,१८०, किर्दीत मात्र ३,८१०. एकाचे आठ आणि आठाचा एक झाला होता. पेटीतून काही गेलंच नव्हतं, कारण ते जादा ६३० रुपये पेटीत कधी आलेच नव्हते. आणि किर्द लिहिली होती सचिवताईंनी, आक्कांनी नव्हे.

(नऊने भाग गेला म्हणजे चूक उलट्या आकड्यांचीच, असा पुरावा मात्र समजू नका. एखादी ४५० रुपयांची नोंद राहून गेली तरी फरकाला नऊने भाग जातोच. युक्ती कुठे बघायचं ते सांगते, निकाल देत नाही.)

सचिवताईंच्या हातून जे झालं त्याला इंग्रजीत 'मिस्टेक' म्हणा किंवा 'एरर' म्हणा. दोन्ही शब्द जवळचे, पण अगदी एक नव्हेत. मिस्टेक माणसाची असते, काहीतरी भलतंच समजून घेतल्याची किंवा भलतंच उचलल्याची. एरर म्हणजे बरोबर वाट सोडून भरकटणं. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाचा अर्थच भटकणं असा आहे. म्हणून एटीएमच्या पडद्यावर एरर येतो, मिस्टेक येत नाही. यंत्राला समज नाही, तर त्याची गैरसमजूत कशी होणार? हिशेबातही एररच म्हणतात. वाण्याच्या छापील बिलाखाली 'ई अँड ओ ई' अशी अक्षरं दिसतात ना, त्यातला पहिला ई म्हणजे एररच. बिलात काही चुकलं किंवा राहिलं असेल तर ते नंतर दुरुस्त करण्याचा हक्क राखून ठेवला आहे, असा त्याचा भाव. आपले जुने लोक पत्राच्या आणि हिशेबाच्या शेवटी 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहीत, तेच हे.

पण चूकभूल देताघेता येते ती नकळत झालेलीच. 'फ्रॉड' तिच्यात बसत नाही. फ्रॉडला फसवण्याचा हेतू लागतो. हेतू नसेल तर तफावत सहाशेची असो की साठ हजारांची, ती फ्रॉड होत नाही.

आता आक्कांची बाजू घेतली म्हणून दुसरी बाजू सांगायची राहू नये. 'मिसॲप्रोप्रिएशन' असा एक लांबलचक शब्द आहे. मराठीत अपहार. सोपवलेला पैसा अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणं. पुष्कळ ठिकाणी बायका म्हणतात, "चार दिवस वापरले, परत ठेवले की!" १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की अप्रामाणिकपणे केलेला अपहार काही काळापुरता असला तरी तो अपहारच. तेव्हा अडचण असेल तर मीटिंगमध्ये सांगून, ठराव करून कर्ज घ्या. पेटीत गुपचूप हात घालू नका, परत ठेवायचे असले तरी.

याच्या उलट गत 'डिफॉल्ट' या शब्दाची. हा ऐकला की बाईला भर चौकात उभं केल्यासारखं वाटतं. खरं तर त्याचा अर्थ एवढाच, की ठरलेल्या तारखेला द्यायचं ते दिलं नाही. पाऊस गेला, नवरा दवाखान्यात होता की पैसे लग्नात उडवले, हे तो विचारतच नाही. मोबाईलमधलं 'डिफॉल्ट सेटिंग' म्हणजे तरी काय? तुम्ही काही केलं नाही तर जे आपोआप राहतं ते. कारण विचारणारा शब्द वेगळा आहे, 'विलफुल डिफॉल्टर', म्हणजे ऐपत असून मुद्दाम न फेडणारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमात तो शिक्का २५ लाख आणि त्यावरच्या थकबाकीसाठी आहे. वीस हजारांच्या कर्जासाठी दारात येऊन कोणी तो शब्द वापरत असेल, तर तो फक्त धाक घालतो आहे. हप्ता मात्र ९० दिवसांच्या वर थकू देऊ नका. त्यानंतर साधारणपणे खातं एनपीएत जातं आणि पुढचं कर्ज अडतं.

आणखी एक शब्द थेट पैशाशी बांधलेला आहे, 'निग्लिजन्स'. मराठीत हयगय. एका गटातल्या बाईच्या खात्यातून तिला न विचारता, न कळता रक्कम गेली. तिने ओटीपी कोणाला सांगितला नव्हता. अर्ज लिहून देणाऱ्या पोराने मात्र सवयीने लिहिलं, 'बाय माय मिस्टेक'. म्हणजे माझ्याच चुकीने! आम्ही तो अर्ज फाडायला लावला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याच कोणाचा असेल आणि बँकेचा निरोप आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर तोशीस नाही. पण ग्राहकाने हयगय केली असेल, म्हणजे ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर कळवण्याआधी गेलेली रक्कम त्याचीच गेली. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं काम त्या परिपत्रकाने बँकेवर टाकलं आहे. जिथे आपण शाबित करायची गरज नाही, तिथे आपल्याच सहीने कबुली कशाला? जे झालं ते खरं लिहा, पण त्यापेक्षा जास्त लिहू नका. आणि अर्जाआधी १९३० वर फोन लावा.

आक्कांचं सांगायचं राहिलं. पुढच्या मीटिंगला त्या आल्या नाहीत, म्हणून मीटिंगच त्यांच्या ओसरीवर भरवली. किर्दीत खाडाखोड केली नाही. ३,८१० वर एक सरळ रेघ मारली, वर ३,१८० लिहिले, बाजूला तारीख आणि तीन सह्या. सचिवताई सही करताना म्हणाल्या, "आक्का, चुकलं माझं." पुतण्याही दारात उभा होता, तो काही बोलला नाही. आक्कांनी चष्मा लावून पानाची दोनदा बेरीज केली, पेटीतले पैसे मोजले, आणि मग किल्लीसाठी हात पुढे केला.