फोनवरची चित्रे, आपल्या हाताने काढलेली

दिवाणखान्याचे पडदे कोणत्या रंगाचे हवेत, दाराला कोणते तोरण शोभेल, हे आपण चारचौघांना विचारून ठरवतो. पण दिवसभर हातात असणारा स्मार्टफोन मात्र कंपनीने दिला तसाच वर्षानुवर्षे वापरतो. त्याच्या पडद्यावरची छोटी चित्रे, म्हणजेच आयकॉन, बदलता येतात, एवढेच नव्हे तर ती घरच्या घरी स्वतः तयार करता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, ते याला तरुण मुलांचा रिकामा उद्योग समजतात.

यात हौस आहेच. पण घरात वयस्क मंडळी असतील, तर ही हौस गरजेची ठरते. साध्या फोनचे चित्र बहुतेक वेळा हिरवे असते आणि त्यात रिसीव्हर असतो. व्हॉट्सॲपचे चित्रही हिरवेच, त्यातही रिसीव्हर! आजींना लेकीला साधा फोन लावायचा असतो आणि उघडते भलतेच. २०२० साली गूगलने जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह अशा अनेक ॲपना सारखेच चार रंग दिले, तेव्हा तरुणांचीही गल्लत होऊ लागली होती.

याचे कारण साधे आहे. ही चित्रे कंपनीची ओळख ठसावी म्हणून काढलेली असतात, तुमच्या सासूबाईंना नीट दिसावीत म्हणून नव्हे. दोन-तीनदा चूक झाली की वयस्क माणूस बिचकतो. मग प्रत्येक फोनसाठी नातवाला हाक मारावी लागते आणि नातू बाहेर गेला असेल तर काम अडून राहते.

चित्राची ताकद

अक्षरे वाचता न येणाऱ्यालाही चित्र कळते, हे आपल्या देशाने फार पूर्वी अनुभवले आहे. १९५१च्या जनगणनेनुसार देशात साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. म्हणूनच १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षांना बैलजोडी, दिवा अशी रोजच्या पाहण्यातली चिन्हे देण्यात आली. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि तिच्यावर त्याचे चिन्ह होते.

संगणकावरच्या चित्रांची गोष्टही अशीच साधी आहे. १९८४ साली बाजारात आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केअर या चित्रकर्तीने आयकॉन काढले. त्यासाठी तिने आलेखाच्या वहीत ३२ बाय ३२ चौकोन आखून घेतले आणि एकेक चौकोन रंगवत चित्रे तयार केली. आपल्यालाही याहून जास्त साहित्य लागत नाही.

आधी कागद, मग फोन

सुरुवात फक्त सहा ते आठ ॲपपासून करा. फोन ज्याचा आहे, त्यालाच शेजारी बसवून विचारा, की फोन म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? आजोबांना काळा, चकतीचा जुना टेलिफोन आठवेल. बातम्यांसाठी घडी घातलेले वर्तमानपत्र, हवामानासाठी छत्री, गाण्यांसाठी रेडिओ, फोटोंसाठी भिंतीवरची तसबीर, अशी चित्रे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

चित्र काढताना काही गोष्टी लक्षात ठेवा. एका आयकॉनमध्ये एकच वस्तू असावी. रेषा जाड असाव्यात आणि बारीक नक्षी टाळावी. पार्श्वभूमी गडद असेल तर वस्तू फिकट असावी, किंवा उलट. वय वाढले की डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि निळ्या-जांभळ्या छटांमधला फरक कळेनासा होतो. काहींना लाल-हिरव्यातला फरकही दिसत नाही. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक वस्तूचा आकारही वेगळा ठेवा.

अँड्रॉइड फोन चौकोनी चित्र कधी गोल, तर कधी गोलसर कोपऱ्यांचे कापून दाखवतो. त्यामुळे कागदावर १८ सेंटिमीटरचा चौकोन आखला, तर मधल्या ११ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात सगळी वस्तू मावली पाहिजे. बाहेरचा भाग कापला गेला तरी मग बिघडत नाही.

चित्र रंगवून झाले की उजेडात ठेवून त्याचा सरळ वरून फोटो काढा आणि चौकोनी कापा. संगणक असेल तर इंकस्केप किंवा गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये ते स्वच्छ करून ५१२ बाय ५१२ पिक्सेल आकारात, पीएनजी प्रकारात जतन करा.

फोनवर कसे बसवाल?

अँड्रॉइडमध्ये मुख्य पडदा सांभाळणाऱ्या ॲपला लाँचर म्हणतात. फोनच्या मूळ लाँचरमध्ये चित्र बदलण्याची सोय नसेल, तर स्मार्ट लाँचरसारखा दुसरा लाँचर घ्यावा. त्यात ॲपवर बोट दाबून धरले की चित्र बदलण्याचा पर्याय मिळतो. तिथे गॅलरीतले आपले चित्र निवडावे. सॅमसंगच्या फोनसाठी गुड लॉकमधले थीम पार्क उपयोगी पडते.

आयफोनमध्ये शॉर्टकट्स या ॲपमधून ही सोय मिळते. नवा शॉर्टकट तयार करून त्यात 'ओपन ॲप' ही क्रिया घ्यावी, हवे ते ॲप निवडावे आणि 'ॲड टू होम स्क्रीन' करताना स्वतःचे चित्र द्यावे. मूळ ॲप पुसून टाकू नये, फक्त मुख्य पडद्यावरून हटवावे. एक उणीव मात्र आहे. नव्या संदेशांची संख्या दाखवणारा लाल ठिपका अशा चित्रावर उमटत नाही.

पूर्ण संच करायचा असेल तर

घरातल्या कॉलेजकुमाराला संगणकाची आवड असेल, तर त्याला अँड्रॉइडसाठी खराखुरा 'आयकॉन पॅक' बनवू द्या. हा पॅक म्हणजे चित्रांनी भरलेले एक छोटे ॲपच असते. त्यात ॲपफिल्टर नावाची एक यादी असते. कोणत्या ॲपला कोणते चित्र लावायचे, हे ती लाँचरला सांगते. त्यासाठी प्रत्येक ॲपचे आतले नाव बिनचूक लिहावे लागते. एक अक्षर चुकले तरी जुनेच चित्र दिसते. अँड्रॉइड स्टुडिओ हे साधन मोफत आहे. असा संच एकदा तयार झाला, की काका-मावशींच्या फोनवरही बसवता येतो.

पैशांच्या ॲपबाबत सावध

बँकेचे आणि पैसे पाठवण्याचे ॲप यांची चित्रे मात्र बदलू नका. बँकेचे बोधचिन्ह लावून खोटी ॲप पसरवणारे भामटे पुष्कळ आहेत. आपल्या बँकेचे खरे ॲप कसे दिसते आणि ते पडद्यावर कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला पक्के माहीत असावे. ही ॲप वेगळ्या पानावर ठेवलीत, तर चुकून बोट लागण्याची भीतीही कमी होते.

बाहेरचा आयकॉन पॅक घेणार असाल, तर तो प्ले स्टोअरवरूनच घ्या. संदेशातून आलेल्या दुव्यावरून कधीही घेऊ नका. चित्रे दाखवण्यासाठी कोणत्याही पॅकला तुमचे एसएमएस किंवा संपर्क यादी लागत नाही. तशी परवानगी मागितली, तर तो पॅक लगेच काढून टाका.

शेवटी एक परीक्षा जरूर घ्या. फोन हातभर अंतरावर धरा आणि आजींना चष्म्याशिवाय एकेक चित्र ओळखायला सांगा. जे ओळखता आले नाही, ते कितीही सुबक असले तरी पुन्हा काढा. एका रविवारच्या दुपारी होणारे हे काम आहे. नातवंडे चित्रे काढतील, आजी-आजोबा पसंती देतील आणि सोमवारी लेकीला फोन लावायला त्यांना कुणाला हाक मारावी लागणार नाही.