होडीची मोटर आणि परतीचा हिशेब

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून आता होडीच्या मोटरीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण निवृत्तीनंतर आम्ही तिघा मित्रांनी कोकणातल्या खाडीत फिरायला बारा फुटी फायबरची होडी घेतली, तिला विजेची मोटर लावली, आणि पहिल्याच फेरीत ओहोटीत अडकलो. बॅटरी संपली, वल्ही घरी. शेवटी एका मच्छीमारदादांनी दोर टाकून ओढत आणलं. मोटर चांगली होती. आमचा प्रश्नच चुकला होता. किती लांब जाता येईल, एवढंच आम्ही विचारलं. परत कसं येणार, हे विचारलंच नाही.

आधी मोटर पाहू. तिचा जोर पौंडात मोजतात, दुकानात त्याला ‘थ्रस्ट’ म्हणतात. ढोबळ नियम असा : होडी, माणसं, बॅटरी, सामान धरून दर ४५ किलोंमागे निदान २ पौंड. आमचं सगळं वजन ४०० किलो, म्हणजे १८ पौंड. पण हा हिशेब संथ तळ्यातला. वारा आणि प्रवाह असेल तिथे दुपटी-तिपटीने घ्यावा. म्हणून आम्ही ५५ पौंडांची घेतली. ती १२ व्होल्टवर चालते. खाडीसाठी खाऱ्या पाण्यात चालणारी मोटरच घ्यावी.

आता बॅटरी. ही मोटर पूर्ण जोरात सुमारे ५० अँपिअर ओढते. मग १०० अँपिअर-तासांची बॅटरी दोन तास चालेल? नाही. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलं की लवकर खराब होते, म्हणून एकच तास धरायचा. लिथियमची ८० टक्के वापरता येते, वजनही निम्म्याहून कमी; किंमत मात्र जास्त. गाडीची बॅटरी नकोच. ती इंजिन सुरू करताना क्षणभर जोर देण्यासाठी असते. आम्ही नेमकी तीच लावली होती!

आता खरा हिशेब. होडीचा वेग ताशी ५ किलोमीटर, ओहोटीचा अडीच. प्रवाहाबरोबर ३ किलोमीटर गेलो, तर २४ मिनिटं. परतताना वेग उरतो अडीच, म्हणजे ७२ मिनिटं. पूर्ण जोरात जाताना २० आणि येताना ६०, एकूण ८० अँपिअर-तास. शिशाची बॅटरी वाटेतच संपली. लिथियमचीही जेमतेम पुरली.

म्हणून जाताना प्रवाहाविरुद्ध जावं, येताना प्रवाहाबरोबर यावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोराचा असतो, तेव्हा जाऊच नये. घाई नसेल तर वेग कमी ठेवा; वेग निम्मा केला की लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्श्यावर येते. बॅटरीजवळ फ्यूज, अंगात लाइफ जॅकेट आणि होडीत वल्ही हवीतच.

साध्य आधी ठरवा, मग साधन निवडा, असं आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. होडीत बसणाऱ्याचं साध्य एकच : संध्याकाळी धक्क्याला परत लागणं.