मोबाइलवर पूर्ण दरूद एका चिन्हात

नबी-ए-करीम सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचे मुबारक नाव लिहिताना आपण घाईत नुसते ‘सल्ल.’ लिहून मोकळे होतो. अनेक उलमांना दरूद असे तोडणे पसंत नाही. युनिकोडमध्ये हे पूर्ण दरूद एकाच चिन्हात आहे. त्याचा कोड एफडीएफए. वर्डमध्ये जागा सोडून ही चार इंग्रजी अक्षरे टाइप करा, लगेच ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा; चिन्ह उमटेल. ते कॉपी करून जीबोर्डच्या पर्सनल डिक्शनरीत किंवा आयफोनच्या टेक्स्ट रिप्लेसमेंटमध्ये शॉर्टकट देऊन ठेवा.

मात्र जलशाचे पत्रक छापण्याआधी प्रूफ जरूर पाहू या. फॉन्टमध्ये चिन्ह नसेल तर तिथे रिकामा चौकोन येतो. अशा वेळी दरूद पूर्ण अक्षरांत लिहिलेलेच बरे.