शिंगरूं वासराप्रमाणें बांधूं नये

जालन्यास १८२७ मध्यें उभारलेली लष्करी छावणी १९०३ मध्यें उठली. पुढें टांगेही मागें पडले. आज जिल्ह्यांत घोडी दिसते ती बहुधा वरातींत, किंवा मेंढपाळांचें बिऱ्हाड वाहतांना. मेंढपाळांच्या याच कामांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या भीमथडी घोड्यास २०२४ मध्यें स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. परंतु जात जगते ती शिंगरें जगल्यानें. म्हणून ज्यांच्या दारीं घोडी आहे त्यांच्याकरितां हे चार शब्द लिहीत आहों.

आम्हां शेतकऱ्यांस गाईची सवय. मोकळी गाय चरावयास जातांना तान्हें वासरूं झुडपाआड निजवून ठेवते; आम्हीही तें वेगळें बांधून धारेच्या वेळीं सोडतों. घोडीची रीत निराळी. तिचे पूर्वज उघड्या माळावरचे. तेथें लपावयास जागा नाहीं, पळणें हाच बचाव. म्हणून सुमारें अकरा महिने पोटांत वाढलेलें शिंगरूं तासाभरांत उभें राहतें, दोन तासांत कास धरतें आणि पुढें आईच्या अंगास लागूनच धांवतें. घोडी बहुधा रात्रीं, सामसूम असतां विते. ती शिंगरास चाटून त्याचा वास ओळखते. दुसरें जनावर जवळ आल्यास कान मागें पाडून मध्यें उभी राहते, प्रसंगीं चावते व लाथ मारते. शिंगरूं निजलें कीं जवळ उभी राहून पहारा करिते.

तिची कास लहान. तींत दूध फार सांठत नाहीं. पहिल्या आठवड्यांत शिंगरूं एका तासांत अनेक वेळां थोडें थोडें पितें. तें वेगळें बांधल्यास उपाशी राहतें व घोडीही बिथरते. चीक तर मुळींच पिळून टाकूं नये. रोगाशीं झगडण्याची शक्ति शिंगरास गर्भांत मिळत नाहीं, चिकांतून मिळते. आणि ती शोषण्याची आंतड्यांची क्षमता बारा तासांनंतर झपाट्यानें उतरून एका दिवसांत संपते.

तेव्हां धन्यानें दुरून लक्ष ठेवावें. एका तासांत शिंगरूं उठलें नाहीं, दोन तासांत प्यालें नाहीं, किंवा तीन तासांत वार पडली नाहीं, तर पशुवैद्यास तत्काळ बोलवावें. वार हातानें ओढूं नये. नाळेस जंतुनाशक औषध लावावें. पहिलटकर घोडी कधीं शिंगरास जवळ येऊं देत नाहीं. तिला धरून पाजावें. शिंगरूं आईची लीद खातांना दिसल्यास भिऊं नये. पचनास लागणारे जंतु त्यास त्यांतून मिळतात. पांच-सहा महिन्यांपर्यंत त्यास आईपासून तोडूं नये.

गोठ्यांतील दावें शिंगराच्या गळ्यांत घालावयाचें नाहीं, एवढें आमच्या बंधूंनीं पाळावें. बाकीची राखण घोडी स्वतः करिते.