‘व्यासंग’ शब्दाचें मूळ व अर्थान्तर

विद्येची गोडी लागलेल्या मनुष्यास आपण मराठींत व्यासंगी म्हणतों. व्यासंग म्हणजे दीर्घ व एकनिष्ठ अध्ययन, हा अर्थ इतका अंगवळणीं पडला आहे कीं, संस्कृत पोथींत हा शब्द भेटला म्हणजे तोच तेथें लावण्याचा मोह होतो. तो टाळावा, एवढ्याचकरितां हें टिपण.

कित्येकजण या शब्दाचा संबंध व्यासमहर्षींशीं जोडतात. तो निराधार आहे. ‘व्यास’ हा शब्द वि या उपसर्गासह ‘अस्’ म्हणजे फेंकणें या धातूपासून झाला. ‘व्यासंग’ वि व आ या उपसर्गांसह ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणें या धातूपासून. संग, आसक्ति, प्रसंग, इतकेंच नव्हे तर बाणांचा भाता या अर्थाचा निषंग, हे सर्व याच कुळांतले.

तेव्हां व्यासंग म्हणजे मुळांत चिकटून राहणें. कशास, हें धातु सांगत नाहीं. मन एके ठिकाणीं चिकटलें कीं दुसरीकडून सुटतेंच. म्हणून संस्कृतांत आसक्तीबरोबर अन्यमनस्कता हाही अर्थ आला. न्यायसूत्रांच्या पांचव्या अध्यायांत २२ निग्रहस्थानें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं ‘विक्षेप’ म्हणजे कार्यव्यासंगाची सबब सांगून वादीनें चालता वाद सोडून उठणें. जो शब्द आज आपण पंडिताच्या गौरवार्थ योजितों, तोच येथें पंडितसभेंतून पळ काढणाऱ्याच्या मुखीं आहे!

प्रस्तुत लेखकानें नोकरींत असतांना या प्रकरणाची नक्कल केली, तेव्हां समासांत ‘अध्ययनांत मग्न असल्यामुळें’ असें टिपण लिहिलें. विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें सांगितलेला मराठी अर्थच लेखणींत उतरला. पुढें एका स्नेह्यानें ती वही उतरून घेतली, आणि चूकही उतरली.

‘व्यसन’ शब्दाची कथा याच्या जवळची आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें टाळावयाचीं १८ व्यसनें मोजलीं आहेत. उलट भर्तृहरीनें नीतिशतकांत श्रुतीचें व्यसन व यशाविषयीं अभिरुचि हे महात्म्यांचे स्वभावसिद्ध गुण मानिले. तेथें व्यसनास प्रतिष्ठा आली ती श्रुतीच्या सान्निध्यामुळें. मराठी व्यासंगास असा आधार लागत नाहीं. विद्या न सांगतांच गृहीत धरली जाते. म्हणून संस्कृत पोथींत हा शब्द आल्यास आधीं त्याचें पूर्वपद पाहावें, आणि तें नसेल तर मागचें-पुढचें वाक्य वाचल्यावांचून अर्थ लिहूं नये.